ताज्याचा माज

रविवारी दुपारी मोठं पातेलं भरून चिकनचा रस्सा करायचा, डब्यांत भरून ठेवायचा आणि शनिवारपर्यंत पुरवायचा. काम एवढंच आहे. पण ते करणाऱ्याला आपल्याकडे जितकी नावं ठेवली जातात, तितकी रोज रात्री साडेदहाला ॲपवरून बिर्याणी मागवणाऱ्यालाही ठेवली जात नाहीत. घरून फोन येतो, 'जेवलास का? काय केलंस?' 'रविवारचा रस्सा होता.' पलीकडे क्षणभर शांतता. मग, 'अरे, आज बुधवार आहे!' रूममेट डब्याचं झाकण उघडून हुंगतो आणि तोंड वाकडं करतो. ऑफिसात कुणी 'मील प्रेप' म्हणालं की ते शिस्तीचं लक्षण ठरतं. तोच माणूस 'परवाचं कालवण आणलंय' म्हणाला तर त्याची कीव येते.

माझं म्हणणं सरळ आहे. नीट ठेवलेला तीन दिवसांपूर्वीचा रस्सा हे चांगलं अन्न आहे. आणि 'आमच्याकडे शिळं चालत नाही' हे वाक्य अभिमानाने सांगण्यासारखं नाही. ज्या घरात ते बोललं जातं, तिथे ओट्यापाशी कोण उभं असतं आणि उरलेलं कोण खातं, एवढे दोन प्रश्न विचारा. अभिमानाचं काय होतं ते बघा.

शिळं कुणासाठी?

आधी समोरच्या बाजूचं जे खरं आहे ते मान्य करू. आपला देश उष्ण. फ्रिज घराघरांत यायला फार वर्षं झालेली नाहीत, आणि २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार देशातल्या निम्म्याहून कमी घरांत तो होता. अशा हवेत सकाळचं अन्न संध्याकाळी आंबतं, त्यामुळे 'शिजवलं की लगेच खा' हा नियम शहाणपणाचाच होता. पुढे त्या शहाणपणाला धर्माचा शिक्का मिळाला. गीतेच्या १७ व्या अध्यायात शिजवून प्रहर उलटलेल्या, रस गेलेल्या, शिळ्या अन्नाची गणना तामस आहारात होते. म्हणजे शिळं खाणाऱ्याचं पोट बिघडेल एवढ्यावर भागलं नाही, त्याचा स्वभावही बिघडलेला ठरला.

आता हा नियम पाळत कोण होतं ते बघा. पहाटे शेतावर निघणारा माणूस रात्रीची भाकरी आणि चटणी खाऊनच निघायचा, कारण पहाटे चारला त्याच्यासाठी चूल पेटवायला कुणी रिकामं नव्हतं. गोव्यात आदल्या दिवशीचं हुमण सकाळी मंद आचेवर आटवून दाट करतात आणि पेजेबरोबर खातात. त्याला 'काल्ची कोडी' म्हणतात आणि लोक ती आठवून हळवे होतात. गोव्यातल्या ख्रिस्ती घरांत सोरपोतेल सणाच्या आधी दोन-तीन दिवस करून ठेवतात आणि रोज उकळतात, कारण व्हिनेगर मुरल्याशिवाय त्याला चव येत नाही असं तिथे प्रत्येकजण सांगेल. गुजरातीत रांधण छठला स्वयंपाक करून ठेवायचा आणि दुसऱ्या दिवशी, शीतळा सातमला, चूल न पेटवता तो थंडच खायचा अशी रीत आहे. आपल्याकडे फोडणीची पोळी आणि फोडणीचा भात आहेतच. या दोन्ही पदार्थांची पहिली अट ही की पोळी आणि भात कालचे हवेत.

थोडक्यात, शिळं सगळेच खातात. पण ते खाल्ल्याचं सांगायचं कुणी आणि लपवायचं कुणी, हे ठरलेलं आहे.

आता जरा टोचणारा प्रश्न. शिळं अन्न खरोखर वाईट असेल, तर ते घरकाम करणाऱ्या मावशींच्या पिशवीत का जातं? शहरातल्या कितीतरी सोसायट्यांमध्ये हे रोज घडतं. कालची भाजी, परवाची आमटी, कडक झालेल्या पोळ्या डब्यात भरून 'घेऊन जा, नाहीतर टाकूनच द्यावं लागेल' असं म्हणत हातात ठेवल्या जातात. देणाऱ्याला आपण दान केल्यासारखं वाटतं. पण हेच अन्न स्वतःच्या मुलाच्या ताटात वाढायची वेळ आली की 'शिळं बाधतं'. जंतूंना कुणाचा पगार किती हे कळत नाही. जे अन्न आपल्याला बाधेल ते त्यांनाही बाधेल, आणि त्यांना बाधणार नसेल तर आपल्याला बाधायचं काही कारण नाही.

मावशी नसतील तिथे घरातलीच बाई असते. 'आमच्याकडे शिळं चालत नाही' म्हणणाऱ्या घरांमध्ये कालचं शेवटी कुणी संपवलं हे आठवून पाहा. सगळ्यांची ताटं वाढून झाली की आई पातेल्याच्या तळाशी राहिलेलं कालचं कालवण भातावर ओतून घेते आणि म्हणते, 'मला हेच आवडतं.' तिला ते आवडतंच की नाही हे आपण कधी विचारलेलं नाही. घरात शिळं चालत नव्हतं याचा अर्थ एवढाच होता, की बाकीच्यांसाठी चालत नव्हतं.

गरम फुलक्याची किंमत

ताज्या अन्नाची चव खोटी आहे असं मी म्हणत नाही. तव्यावरून ताटात पडलेला फुलका, कढईतून काढलेलं भजं, आत्ता चिरून परतलेली मेथी यांची सर शिळ्याला येणार नाही. पण पहिला फुलका ताटात पडतो तेव्हा दुसरा तव्यावर असतो आणि तिसरा पोळपाटावर. म्हणजे ताटावर बसलेला माणूस आणि तव्यापाशी उभा असलेला माणूस एकाच वेळी जेवू शकत नाहीत. गरम फुलका हवा असेल तर कुणीतरी उभं राहायलाच हवं, आणि ते 'कुणीतरी' कोण हे तुम्हाला माहीत आहे.

सरकारी आकडेही आहेत. राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालयाने २०१९ मध्ये केलेल्या वेळ-वापर पाहणीत, घरकाम करणाऱ्या बायका त्या बिनपगारी कामावर दिवसाला सरासरी २९९ मिनिटं घालवत होत्या. घरकाम करणारे पुरुष ९७ मिनिटं. यात जे पुरुष काहीच करत नाहीत ते धरलेलेच नाहीत, हे लक्षात घ्या. २०२४ च्या पाहणीत हे आकडे २८९ आणि ८८ झाले. पाच वर्षांत बायकांची दहा मिनिटं वाचली हे चांगलंच झालं, पण ती पुरुषांनी उचलली म्हणावं तर त्यांचीही नऊ मिनिटं कमी झालेली आहेत.

२०२१ मध्ये आलेला 'द ग्रेट इंडियन किचन' हा मल्याळम सिनेमा बघून अनेकांनी पोस्टी लिहिल्या. त्यातल्या सासऱ्याला भात कुकरमधला चालत नाही, चुलीवरचाच लागतो, आणि चटणी मिक्सरमधली चालत नाही. तो ओरडत नाही, मारत नाही. सौम्य आवाजात फक्त आवड सांगतो, आणि त्या आवडीपायी सुनेचा दिवस संपतो. सिनेमा पाहून आपण त्या सासऱ्याला शिव्या घातल्या. पण 'मला बाई पुन्हा गरम केलेलं आवडत नाही' हे वाक्य त्याच सुरातलं आहे, आणि ते आपल्या पिढीच्या तोंडीही सहज येतं. आवड ही खासगी बाब आहे असं आपण समजतो. ती पुरवायला दुसरं माणूस लागतं तेव्हा ती खासगी राहत नाही.

म्हणून एका पातेल्यात केलेला आठवड्याचा रस्सा मला महत्त्वाचा वाटतो. तो स्वयंपाकाचा वेळ एका जागी गोळा करतो. रोज संध्याकाळी दीड तास कुणाच्या तरी माथी मारण्याऐवजी आठवड्यातून एकदा अडीच तास, आणि नंतर रोज दहा मिनिटं.

इथे कुणी बरोबर आक्षेप घेईल. हा रविवारही बाईच्याच गळ्यात पडला तर? आठवडाभर नोकरी, आणि रविवारी सगळ्या घराचे डबे भरायचे, त्याला 'मील प्रेप' असं गोंडस नाव द्यायचं. तसं होत असेल तर ते पातेलं आजच उतरवून ठेवा. माझी अट एकच आहे: जो खाणार त्याने करायचा. आणि 'मला स्वयंपाक येत नाही' ही सबब इथे टिकत नाही, कारण रस्सा हा चुका पोटात घालणारा पदार्थ आहे. भाकरी थापायला वर्षं लागतात, पुरणपोळीला हात बसावा लागतो. रश्श्यात कांदा जाड चिरला गेला तरी तो विरघळतो, पाणी जास्त पडलं तर दहा मिनिटं जास्त उकळायचं. शिकायला याहून सोपी जागा नाही.

पातेल्यात काय जातं

आता प्रत्यक्ष काम. तत्त्व सांगून कृती टाळणारे लेख मला आवडत नाहीत.

दीड किलो चिकन घ्या, हाडासकट, करी कट. बोनलेस अजिबात नको. चिकनवाल्याला तंगडीकडचे तुकडे जास्त द्यायला सांगा. छातीच्या मांसात चरबी आणि संयोजक ऊती दोन्ही कमी असतात, त्यामुळे ते दुसऱ्यांदा गरम केलं की कोरडं पडतं. तंगडीच्या मांसात आणि हाडांच्या सांध्यांपाशी कोलॅजन असतं. ते मंद आचेवर हळूहळू जिलेटिनमध्ये बदलतं आणि रश्श्याला अंग येतं. दुसऱ्या दिवशी फ्रिजमधून डबा काढला की रस्सा खरवसासारखा थरथरताना दिसेल. अनेकजण तो बिघडला म्हणून ओतून देतात. तो बिघडलेला नसतो, तेच जिलेटिन गार होऊन घट्ट झालेलं असतं. असा रस्सा जमला म्हणजे तुमचं काम नीट झालं.

पाच-सहा लिटरच्या पातेल्यात तेल, तमालपत्र, चार-सहा मिरे, दालचिनीचा तुकडा. त्यावर तीन मोठे कांदे गुलाबी होईपर्यंत. मग आलं-लसणाची भरपूर पेस्ट, हळद, मीठ आणि चिकन. पाच-सात मिनिटं परता. आता पातेल्यावर खोलगट झाकण ठेवून त्यात पाणी ओता. आईला, आजीला हे करताना तुम्ही पाहिलं असेल. झाकण गार राहतं, आतली वाफ त्यावर धरते, खाली पडते, आणि चिकन स्वतःच्या पाण्यात शिजायला लागतं. दहा मिनिटांनी झाकणावरचं तेच गरम पाणी आत ओता, वरून आणखी दीड-दोन लिटर गरम पाणी घाला. त्यात धुतलेली वाटीभर मसूरडाळ आणि गाजराचे मोठे तुकडे, शेवटच्या दहा मिनिटांत फरसबी. ब्रॉयलर कोंबडी अर्ध्या-पाऊण तासात शिजते. गावरान असेल तर तास-दीड तास धरा, नाहीतर कुकर लावा. मसूर विरघळून रस्सा दाट होतो आणि पोटभरीचाही.

हे झालं अळणी. मटण-चिकन करणाऱ्या घरांत अळणी पाणी वाटीतून आधी पिऊन टाकायची पद्धत आहे. आठवड्याच्या स्वयंपाकात खरी किल्ली हीच आहे: अळणी वेगळं ठेवा आणि वाटण वेगळं. सहा दिवस एकच तिखट रस्सा खाल्ला तर तिसऱ्या दिवशी कंटाळा येणार, हा आक्षेप खरा आहे. त्यावर उपाय म्हणून सगळं पातेलं एकाच चवीला बांधायचं नाही. दोन कांदे आणि अर्धी वाटी सुकं खोबरं खरपूस भाजून, लसूण-कोथिंबीर घालून वाटा, तेलात परता, कांदा-लसूण मसाला घाला, तेल सुटलं की गार करून बर्फाच्या ट्रेमध्ये भरून गोठवा. सोमवारी अळणी तसंच, वरून मिरपूड आणि लिंबू, सोबत पाव. मंगळवारी त्यात वाटणाच्या दोन वड्या टाकल्या की तांबडा रस्सा. बुधवारी नारळाचं दूध आणि हिरवी मिरची घातली की केरळच्या इष्टूच्या जवळपास जाणारं काहीतरी. पातेलं एकच, पण कंटाळा यायला जागा नाही.

बटाटा मात्र पातेल्यात घालू नका. गोठवलेला बटाटा वितळल्यावर रवाळ आणि पाणचट होतो. ज्या दिवशी हवा त्या दिवशी वेगळा उकडा.

घाबरायचं कशाला, आणि कशाला नाही

शिळ्याची बाजू घेणाऱ्याने शिळ्याचे धोके लपवू नयेत. चिकन ही जपून ठेवायचीच गोष्ट आहे. पण नियम चार-पाचच आहेत आणि ते सोवळ्यापेक्षा सोपे आहेत.

जंतू साधारण ४ ते ६० अंश सेल्सियसच्या दरम्यान झपाट्याने वाढतात. धोका फ्रिजमध्ये कमी आणि ओट्यावर जास्त. गच्च भरलेलं मोठं पातेलं झाकून रात्रभर ओट्यावर ठेवलं तर मधला रस्सा तासन्‌तास कोमट राहतो. मांसाच्या दाट रश्श्यात क्लॉस्ट्रिडियम परफ्रिंजेन्ससारख्या जंतूंचे बीजाणू उकळूनही टिकतात आणि त्या कोमट तासांत वाढतात. म्हणून गॅस बंद केल्यावर दोन तासांच्या आत रस्सा फ्रिजमध्ये गेला पाहिजे. नागपूरचा मे महिना असेल तर तासाभरात. लवकर गार करायचा तर पातेलं थंड पाण्याच्या परातीत ठेवा, ढवळा, आणि उथळ डब्यांत वाटून टाका.

फ्रिजमध्ये शिजवलेलं चिकन तीन ते चार दिवस चांगलं राहतं, सात दिवस नाही. म्हणून 'आठवड्याचा' रस्सा म्हणजे अर्धा फ्रिजमध्ये आणि अर्धा त्याच संध्याकाळी फ्रीझरमध्ये. गुरुवार ते शनिवारचे डबे बर्फातून येतील. गुरुवारचा डबा बुधवारी रात्री खालच्या कप्प्यात उतरवा. जेवढं खायचं तेवढंच गरम करा, आणि गरम म्हणजे खळखळून उकळी. लाइट चार तासांपेक्षा जास्त गेली असेल आणि डबा फ्रिजइतका गार राहिला नसेल तर टाकून द्या, हळहळू नका. भाताबाबतही जपा. शिजवलेला भात बाहेर राहिला तर त्यात बॅसिलस सेरियस हा जंतू वाढतो आणि त्याचं विष पुन्हा गरम केल्यानेही जात नाही. भात रोज ताजा लावा, कुकरला वीस मिनिटं लागतात.

एवढं केलं तर बुधवारचा रस्सा रविवारच्या इतकाच निर्धोक असतो. चवीला तर अनेकदा वरचढ, कारण मीठ-मसाला मांसात मुरायला वेळ मिळालेला असतो. पुन्हा गरम केलेल्या मांसाला कधीकधी जो जुनाट वास येतो, तो हवेशी संबंध येऊन त्यातली चरबी बदलल्यामुळे येतो. रश्श्यात बुडालेल्या, मसाल्यातल्या मांसाला तो कमी येतो. कोरड्या उकडलेल्या तुकड्यांना जास्त.

सहा खणांचे डबे

या कोरड्या उकडलेल्या तुकड्यांवरून दुसऱ्या विरोधकाकडे येतो. रील्स बघून मील प्रेप शिकलेल्या मंडळींना शिळ्याचं वावडं नाही, हे त्यांच्या बाजूने म्हणायला हवं. पण त्यांनी शिळं खाण्याची शिक्षा करून टाकली आहे. एकसारखे सहा डबे, प्रत्येकात उकडलेली चिकन ब्रेस्ट, ब्रोकोलीचे तुरे, ब्राउन राइसचा चौकोन. वर बारीक आवाजात 'डिसिप्लिन'. चौथ्या दिवशी तो डबा उघडताना चेहऱ्यावर जे भाव असतात ते रीलमध्ये कधी दिसत नाहीत.

बोनलेस ब्रेस्ट किलोमागे हाडासकट चिकनपेक्षा महाग, आणि पुन्हा गरम करायला सगळ्यात वाईट. प्रोटीनचा हिशेब करायचा तर तोही करू. दीड किलो करी कटमधून हाडं वगळून अंदाजे किलोभर मांस मिळतं, त्यात साधारण दोनशे ग्रॅम प्रोटीन. आठ वाटण्या केल्या तर प्रत्येक वाटणीला पंचवीसच्या आसपास, वर मसुरीचं वेगळं. ज्या आजीने हाडाचा रस्सा आणि मसूर एका पातेल्यात घातली तिने मॅक्रो मोजले नव्हते, पण ती चुकलीही नव्हती. आपलंच कालवण इंग्रजी नाव घेऊन, बेचव होऊन परत आलं की आपण ते पैसे देऊन घेतो.

तिसरा विरोधक सगळ्यात गोड बोलतो. 'कशाला एवढा खटाटोप? मागव की.' ॲपवरच्या चिकन मसाल्याला कुणी शिळं म्हणत नाही, कारण तो वाफाळत येतो. पण हॉटेलांच्या आणि क्लाउड किचनांच्या धंद्याचं गणितच आधी करून ठेवण्यावर चालतं. लाल, पांढरी, पिवळी अशा ग्रेव्ह्या मोठ्या भांड्यांत आधी होतात, चिकन आधी शिजवून ठेवलेलं असतं, ऑर्डर आली की दोन्ही एका कढईत एकत्र येतात. त्यात वावगं काही नाही. ती उत्तम मील प्रेप आहे. गंमत एवढीच, की दुसऱ्याने ठेवलेल्याला आपण 'फ्रेश' म्हणतो आणि आपण ठेवलेल्याला शिळं. वरून ते घेऊन पावसात भिजत जिना चढणारा माणूस वेगळाच. रोजच्या दोन ऑर्डरींचे महिन्याचे पैसे तुमच्या ॲपच्या हिस्ट्रीत आहेत, मी सांगायची गरज नाही. ते बघा आणि शेजारी दीड किलो चिकनचा आजचा भाव लिहा.

फ्रिजच्या दारावरची सूचना

पण हे सगळं ज्याच्या हातात पातेलं आणि फ्रिज आहे त्याच्यासाठी झालं. पुण्या-मुंबईत भाड्याने राहणाऱ्या कितीतरी मुलामुलींना तेही नाही. 'नॉन-व्हेज चालणार नाही' ही अट खोली बघायला गेल्यावर डिपॉझिटच्या आधी सांगितली जाते. पीजीतल्या सामाईक फ्रिजवर तशी चिठ्ठी असते. अंडंसुद्धा आत जात नाही. मग पोरं बाहेरून मागवतात, खाली रस्त्यावर उभं राहून खातात, हाडं कागदात गुंडाळून दूरच्या कचराकुंडीत टाकतात. घरमालकाचा नियम आणि ॲपचा धंदा एकमेकांना पूरक असतात: घरी शिजवायची बंदी, म्हणून विकत घ्यायची सक्ती. दोन्हीकडे खर्च भाडेकरूचा.

या नियमाला लोक 'स्वच्छता' म्हणतात, 'वास' म्हणतात. वास मेथीच्या भाजीचाही येतो आणि हिंगाचाही. शाकाहाराला जोडलेला 'शुद्ध' हा शब्द समोरच्याला न बोलता काय ठरवतो, हे आपल्या समाजात वेगळं सांगायला नको. शिळं कुणी खायचं आणि मांस कुणी शिजवायचं या दोन्ही प्रश्नांची उत्तरं एकाच उतरंडीतून आलेली आहेत. शाहू पाटोळे यांनी 'अन्न हे अपूर्णब्रह्म' या पुस्तकात मराठवाड्यातल्या दलितांच्या खाण्याची नोंद केली. ते २०१५ साली आलं, आणि २०२४ मध्ये त्याचं इंग्रजी भाषांतर झाल्यावर अनेक मराठी वाचकांना ते कळलं. मांसाच्या पट्ट्या वाळवून साठवणं, एका वेळच्या मांसातून पुढचे कित्येक दिवस काढणं, हे ज्ञान त्या स्वयंपाकघरांत आधीपासून होतं. परदेशात त्यालाच 'प्रिझर्व्हेशन' म्हणतात आणि त्यावर माहितीपट निघतात. इथे ते ज्यांचं होतं त्यांना ते लपवून खावं लागलं.

म्हणून फ्रिजमध्ये रश्श्याचा डबा ठेवण्याचा हक्क मला क्षुल्लक वाटत नाही. जो भाडं भरतो त्याला त्या घरात आपलं जेवण शिजवता आणि साठवता आलं पाहिजे. खोली बघायला जाल तेव्हा ही गोष्ट पाण्याच्या वेळेइतक्याच सहजपणे विचारा. आणि ज्यांना आडनावामुळे हा प्रश्न कधी विचारला जात नाही, त्यांनी तर जरूर विचारा. आपल्याला मिळालेली सवलत तिथे दिसते.

शेवटी एक व्यवहाराची गोष्ट. येत्या रविवारी पातेलं चढवाल तेव्हा डब्यांवर तारीख लिहा, आणि ते डबे स्वतः संपवा. आईचा फोन आला तर बुधवारी रविवारचा रस्सा खाल्ल्याचं तिला स्पष्ट सांगा, आणि तिने आज कालचं काय खाल्लं तेही विचारा. घरी कामाला येणाऱ्या मावशींना डबा द्यायचा असेल, तर पातेलं उतरवल्यावर पहिला भरलेला डबा द्या. शुक्रवारी तळाशी राहिलेला नको.